शेअरची चिठ्ठी आणि सोनामावशीची म्हैस

जळकोटच्या अलीकडं आमच्या गावची दूध सोसायटी. ऑफिसात एक टेबल आणि आमी चार नोकर. तेवढ्यात इतके किस्से कसे साठले, कुणास ठाऊक! दूध दुपारपर्यंत नासायचं, किस्से मातर अजून ताजे हायेत.

मोठ्या दुष्काळानंतरची गोष्ट. चेअरमन अण्णांनी चौघांना बोलावलं. क्लार्क कांबळेसाहेब, टेम्पोवाला दगडू, कॅन धुणारी सोनामावशी आणि मी, शिपाई रंग्या, चौथी नापास.

"पगार वाढवायला पैसा न्हाय. ही चिठ्ठी घ्या. तीन वर्षं नोकरीत टिका, मग एक शेअर आजच्या भावात, दहा रुपयांत. भाव कितीबी वाढू दे! पण तीन वर्षं झाल्यावर महिन्याच्या आत घ्यायचा. मुदत हुकली की चिठ्ठी रद्द!"

"शेअर घिऊन काय करायचं?" मावशीनं विचारलं.

"सभासद व्हायचं. वार्षिक सभेत सतरंजीवर बसायचं, बोलायचं."

मावशी उन्हात कॅन धुवायची. डोक्यावर छप्पर मागितलं की अण्णा म्हणायचे, "तो विषय सभासदांनी मांडायचा."

"मग म्या घेनार!" मावशी म्हणाली.

*

माझी चिठ्ठी म्या पहिल्याच महिन्यात हॉटेलवाल्याला चार प्लेट भज्यांवर विकली. ती दुसऱ्याच्या नावावर होत न्हाय, हे त्याला तीन वर्षांनी कळलं. तवर भजी पचली होती!

*

दगडूनं मुदतीची तारीख टेम्पोच्या काचेवरच रंगवून घेतली. तुळजापुरात हवालदारानं अडवलं. "परमिट दाखव!"

दगडूकडं परमिटच न्हवतं. हवालदारानं काचेवरची तारीख वाचली. "मुदत हाय की अजून. चल, काढ गाडी!"

तीन वर्षं त्याच तारखेवर टेम्पो पळाला!

*

कांबळेसाहेबांचं काम पक्कं. रजिस्टरात रकाने आखलेले. कुणाची चिठ्ठी, कधीची, आजचा भाव काय, घेतल्यास फायदा किती. दर महिन्याला फायदा बघून स्वतःशीच हसायचे.

एकदा म्या फळ्यावर खडूनं लिहिलं, "नवा भाव शंभर." साहेबांनी नव्वदचा फायदा मांडला आणि पेढे वाटले! अण्णा आले. "कोण म्हणालं शंभर? हे तर रंग्याचं अक्षर!"

साहेब माझ्याकडं बघायला लागले. म्या म्हणालो, "साहेब, पेढे लई ताजे होते!"

*

सोनामावशीला ना वाचता यायचं, ना रजिस्टरावर भरवसा. चिठ्ठी मिळाली त्याच आठवड्यात तिची म्हैस व्याली होती. "वर्साला येक वेत. अजून तीनदा व्याली की शेअर!"

पण पुढं परत पाऊस रुसला. चारा न्हाय, वैरण न्हाय, म्हैस एक वर्ष भाकडच राहिली. तीन वर्षं सरली तरी मावशीच्या हिशेबात दोनच!

मुदतीच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी मला तिच्या घरी पिटाळलं.

"मावशी, चिठ्ठी आज संपतीया!"

"ह्येच तू मागं दोनदा सांगून मला पळवलंस."

"आई भवानीची शपथ!"

"ती बी दोनदा घेतलीस. म्हैस खोटं बोलत न्हाय, तू बोलतोस!"

माझ्याच थापा आडव्या आल्या. परत आलो, साहेबांना रजिस्टरासकट सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. नव्वद किलोचा माणूस, दहा वर्षांत खुर्ची सोडली न्हवती! गोठ्याच्या दारात त्यांना बघितलं आणि मावशी ताडकन उठली.

"कांबळेसाहेब सायकलवर आले? म्हंजी खरंच संपली की रं!"

पदराची गाठ सोडली, दहाची नोट काढली आणि रजिस्टरावर अंगठा उठवला. म्हैस तिसऱ्यांदा गाभण, शांतपणे रवंथ करत होती.

*

वार्षिक सभा. सतरंजीवर पुढच्या रांगेत मोठे बागायतदार, त्यांच्या मधोमध मावशी. मी चहा वाटत होतो.

"कुणाचा काही विषय?" अण्णांनी विचारलं.

मावशीचा हात वर. "कॅन धुवायच्या जागंवर छप्पर पायजे."

एक बागायतदार खाकरला आणि त्यानं हात वर केला. मग दुसऱ्यानं. बघता बघता सगळ्यांनी!

अण्णा हसले. "मंजूर! पण मावशी, मुदत किती देता?"

"म्हैस व्यायच्या आत!"

कांबळेसाहेबांचा पेन थांबला. "अण्णा, ठरावात तारीख काय लिहू?"

अण्णांनी मावशीकडं बघितलं. "त्या म्हणाल्या तीच लिहा."