कोलंबोला न्यायची अट

लग्नात मला सांगितलं होतं, दिवाळी झाली की मुलगा बायकोला कोलंबोला घेऊन जाईल. कोणती दिवाळी, ते मात्र कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची अक्कल आमच्याकडे कोणालाच नव्हती.

दीड महिना नवरा घरी राहिला आणि परत गेला. तिथे एका कापडाच्या पेढीवर तो हिशेबनीस होता. मी राहिले कुंभकोणमला, त्याच्या आईजवळ. सासरे आधीच गेलेले, नणंद नाही, दीर नाही. घरात आम्ही दोघीच. आमच्यात सासूला आत्याबाई म्हणतात, मीही म्हणत असे. बाई गोरीपान, गळा गोड, तोंडात सदा विठ्ठल, आणि मनाने अशी काळी की सांगायची सोय नाही. आता ती नाही, तेव्हा असं बोलू नकोस म्हणून माझ्या बहिणी मला दटावतात. दटावू देत. दीड महिन्याच्या नवऱ्यावर वर्षंच्या वर्षं त्यांनी नाही काढली.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. पूर्वी कोलंबोला जायचं म्हणजे धनुष्कोडीला बोटीत बसायचं, झालं. आता पासपोर्ट आला, व्हिसा आला, आणि नवऱ्याला त्याच्याच बायकोसाठी तिथल्या सरकारपुढे उभं राहावं लागायला लागलं. बायको आणायची तर पगाराचा दाखला दाखवा, राहायला स्वतंत्र खोली दाखवा, आणि बँकेत एक ठरावीक रक्कम सबंध वर्षभर पडून असलेली दाखवा. पडून म्हणजे पडून. मध्ये हात लावला की ते वर्ष फुकट, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. तो स्वतः सुट्टीला यायलाही घाबरायचा. एकदा बाहेर पडलं की परत आत घेतील याचा भरवसा नव्हता.

हे सगळं मला कसं कळलं? मीच वाचून दाखवलं. आमच्या गल्लीत वीसेक मराठी घरं होती, पिढ्यान्‌पिढ्या त्याच मुलखात मुरलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. ते मराठीही इतकं जुनाट, की पुढे मी पुण्यात आले तेव्हा शेजारणी माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. म्हणून इथे मी इथल्यासारखंच लिहिते आहे. तर बोलायला सगळ्यांना यायचं, लिहायला फार थोड्यांना, कारण शाळा तमिळ. माझे वडील तंजावरला मास्तर होते, त्यांनी मला बाळबोध अक्षर घोटून घोटून शिकवलं. माझ्या नवऱ्याला त्याच्या वडिलांनी. आत्याबाईंना अक्षराचा गंध नव्हता. मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी माझा चेहरा एकदा पाहिला आणि अक्षर तीनदा. 'रंग काय, चालायचं. पत्र लिहील,' असं माझ्यासमोरच म्हणाल्या.

आणि बायकोला वेगळं पत्र लिहायची त्या घरात पद्धत नव्हती. तो लिहायचा आईला. शेवटी 'घरातील सर्वांस आशीर्वाद' असं असायचं. त्या सर्वांत मी. मी त्याला लिहायचं तर पाकिटाचे आणि तिकिटाचे पैसे आत्याबाईंच्या कमरेला. टपालवाला टपाल द्यायचाही तो त्यांच्याच हातात, मग ते माझ्याकडे यायचं, वाचायला.

पहिल्यांदा रक्कम जमली तेव्हा मी ते पत्र गाऊन वाचलं म्हटलं तरी चालेल. आता वर्षभर हात लावणार नाही, असं त्याने लिहिलं होतं. आत्याबाई म्हणाल्या, "छान झालं हो." सात-आठ महिने गेले. मग एक दिवस विहिरीच्या कठड्याला पाठ टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "दौत आण. लिही. विहीर ढासळली, बांधून काढायची आहे, पैसे ताबडतोब पाठव."

मी म्हटलं, "आत्याबाई, विहीर तर..."

"तुला विचारलं?"

लिहिलं मी. नवी नवरी होते, तोंड उघडायची ताकद नव्हती. पैसे आले. त्या पैशांत भजनाच्या मठात मोठी पंगत झाली, आत्याबाई पानांवर स्वतः तूप वाढत फिरल्या. बँकेतलं वर्ष पुन्हा पहिल्या दिवसावर आलं.

दुसऱ्यांदा डोळे गेले. म्हणजे पत्रात गेले. ऑपरेशन करावं लागेल, नाहीतर आंधळी होईन, तुझं तोंडही दिसायचं नाही, असं सांगता सांगता बाई सुपातले खडे टिपत होती. बारीकशा तांदळातला पांढरा खडा! ते पैसे आले आणि मठाला चांदीची समई गेली. नादस्वर, म्हणजे तिकडची सनई, लावून गल्लीतून मिरवत नेली. पुढे आत्याबाई, दारासुरम्‌च्या मागावरून सांगून विणून घेतलेलं रेशीम नेसून, आणि मागे तेलाची तपेली घेऊन मी. ओट्याओट्यावरून लोक म्हणत होते, कोलंबोच्या मुलाची आई हो! मला वाटत होतं ती तपेली उचलावी आणि त्या रेशमावर उपडी करावी. नाही केली. अजून हात शिवशिवतात.

का करते ही बाई असं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. तिनेच सांगितलं. एका शुक्रवारी माझ्या डोक्याला तेल चोळत होती. तेल फार छान चोळायची, डोळे मिटायचे. मी धीर करून म्हटलं, "आत्याबाई, असंच चाललं तर ते मला नेणार कधी?"

"कशाला नेईल?" हात जराही थांबला नाही. "तू गेलीस की मणीऑर्डर निम्मी होईल. पोरं झाली की पाव. मग सणावाराला, मग तेही नाही. तू इथे आहेस तोवर तो पाठवतो. मी काय खुळी आहे? मान खाली घाल, मागे तेल लागलं नाही."

राग नव्हता तिच्या बोलण्यात, हे बघा. असता तर मला बरं वाटलं असतं.

वर आणि गल्लीतल्या बायका विचारायच्या, सुनेला दिवस गेले का? तेव्हा ही सुस्कारा सोडायची. एकदा तर मला तिरुक्करुगावूरला घेऊन गेली. तिथली देवी गर्भ देते, गर्भ राखते. लेकुरवाळ्या व्हायच्या आशेने आलेल्या बायकांची रांग. देवीपुढचं तूप प्रसाद म्हणून देतात, ते नवरा-बायकोने रोज घ्यायचं. रांगेतल्या एका बाईने मला विचारलं, किती वर्षं झाली? माझ्या आधी आत्याबाईच म्हणाल्या, "तीन होतील. आमचं नशीब, दुसरं काय." बाई माझ्याकडे अशी कळवळून बघायला लागली की माझं टाळकंच फिरलं. मी तिला तमिळमध्ये खणखणीत सांगितलं, "माझा नवरा कोलंबोत आहे अम्मा. आता देवीने तूप बोटीने पाठवलं तरच काही होईल." रांग हसली. आत्याबाईंनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठवडाभर तिथे जांभळं होतं.

त्या वर्षी पोंगललाच, म्हणजे संक्रांतीलाच, रक्कम तिसऱ्यांदा जमली होती. पुढच्या पोंगलच्या आधीचा मार्गळी महिना लागला तेव्हा त्याचं पत्र आलं. पोंगलला वर्ष पुरं होतं आहे, पेढीवरून पगाराचा दाखला मिळाला, खोलीही घेतली. खोलीला एक खिडकी आहे आणि मान जरा तिरकी केली की समुद्र दिसतो. हे त्याने आईला लिहिलं होतं, पण मान तिरकी करून समुद्र कोणी बघायचा होता? मी ते वाचलं आणि पुढची ओळ सोडून तीच ओळ पुन्हा वाचली. दोन दिवस मी घरात उगाच मान तिरकी करून बघत होते. वेडीच की!

तिसऱ्या दिवशी हुकूम झाला, "दौत आण."

या खेपेला छाती होती. छातीत कळा येतात, वैद्याने आशा सोडली, मद्रासला मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं आहे. माझ्यासमोर मांडी घालून सांगत होती, आणि सांगता सांगता खरीच रडायला लागली. पदराने डोळे पुसत होती. "लिही, लिही, आईला शेवटचं बघायचं असेल तर हयगय करू नको म्हणावं."

मी लिहीत होते. तिचे शब्द कानांत पडत होते आणि कागदावर माझे उमटत होते. 'आत्याबाई ठणठणीत आहेत. विहीर कधी ढासळलीच नव्हती. डोळ्यांचं ऑपरेशन झालं नाही, त्या पैशांची समई झाली. आताही छातीत काही दुखत नाही. पोंगलपर्यंत एक पैसाही पाठवू नका. मला घेऊन जा. मी तुमची बायको आहे. मला इथे ठेवू नका.' नवऱ्याला मी आयुष्यात लिहिलेलं हे पहिलं पत्र. खाली माझं नाव घातलं. अक्षर वडिलांनी शाबासकी दिली असती असं आलं होतं.

"वाचून दाखव," ती म्हणाली.

मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि तिचे शब्द तिला जसेच्या तसे म्हणून दाखवले, वैद्यासकट, कळांसकट. "मोठ्या डॉक्टरकडे म्हणताना जरा रडवं वाच ना," म्हणाली. मी रडवं वाचलं. तिने स्वतः पाकिटाला तिकीट लावलं आणि स्वतः जाऊन पत्र पेटीत टाकून आली.

मग काय सांगू! रोज मणीऑर्डरची वाट बघायची ती, आणि रोज टपालवाला मान हलवून पुढे जायचा. आत्याबाई चिडायच्या, पोराला आईची माया राहिली नाही म्हणून बोटं मोडायच्या. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसायचे. त्याने माझं ऐकलं होतं! माझं! दीड महिना बघितलेल्या माणसावर माझं प्रेम त्या पंधरा-वीस दिवसांत बसलं, आधी नव्हे. पोंगल आला. मी गोड पोंगलात गूळ हात सैल सोडून घातला. पैसे आले नव्हते, म्हणजे रक्कम हललेली नव्हती, म्हणजे वर्ष पुरं झालं होतं. अट पुरी झाली होती. मी माझी ट्रंक माळ्यावरून काढून उन्हात ठेवली. आत्याबाईंनी ट्रंकेकडे पाहिलं आणि माळ ओढत बसल्या.

पत्र आलं ते संध्याकाळी. आत्याबाईंनी पाकीट माझ्यापुढे टाकलं आणि भिंतीला टेकून बसल्या. मी ते फोडलं. इतकी खात्री होती मला, की आधी मनात वाचायचंही सुचलं नाही. मोठ्याने सुरुवात केली.

'तीर्थस्वरूप आईस साष्टांग नमस्कार. पोंगलला वर्ष पुरं झालं. बँकेचा दाखला मिळाला आणि अर्जही दिला.'

इथवर माझा आवाज कसा होता ते मला अजून आठवतं.

'महिनाभर मनात घोळवून आज तो अर्ज मी परत घेतला. तुझ्या नावाने आलेल्या पत्रात तुझ्या सुनेने स्वतःच्या मनचं लिहून पाठवलं आहे, की विहीर ढासळली नव्हती, डोळ्यांना काही झालं नव्हतं आणि छातीतही दुखत नाही. आई, विहिरीचं मला तेव्हाच कळलं होतं. डोळ्यांचंही. तुझा मुलगा आहे मी, तुला ओळखत नाही का? तुला हवं होतं म्हणून दिलं. बायकोला काय, दोन वर्षं उशीर झाला तरी चालेल असं वाटलं. पण समोर बसलेल्या आईचे शब्द गिळून आपले घालणारी बाई मला इथे नको. उद्या ती माझ्याविषयी पेढीवर काय लिहून देईल, कोणी सांगावं? ती तुझ्याजवळच राहू दे. बँकेतली सगळी रक्कम काढली आहे, पुढच्या आठवड्यापासून थोडी थोडी करून पाठवतो. हे पत्र तीच तुला वाचून दाखवील, हे ठाऊक असूनच लिहितो आहे. एक अक्षर गाळू नको म्हणावं तिला.'

तुम्ही म्हणाल, मध्येच का नाही थांबलीस? खोटं वाचायची कला तर तुला होती. होती ना! पण पहिल्या चार ओळींनंतर खोटं कोणासाठी वाचायचं होतं? मला वाटलं, ऐकू दे तिलाही, काय पोटी आलंय ते. मला वाटलं, विहिरीचं त्याला माहीत होतं हे ऐकून तरी बाईची मान खाली जाईल. मी ते वाक्य मुद्दाम सावकाश वाचलं.

मान कसली खाली जाते! तिने डोळे मिटून घेतले होते, मठात भजन रंगलं की मिटायची तसे. चेहऱ्यावर इतका आनंद मी तिच्या कधी पाहिला नव्हता. माझ्यावर ओरडली नाही, हात उगारला नाही. फसवलंस असंदेखील म्हणाली नाही.

"पुन्हा वाच," म्हणाली.

मी पुन्हा वाचलं.

मग ती उठली, दार उघडून तिने ओट्यावर पाहिलं. भजनाला निघालेल्या गल्लीतल्या पाच-सहा बायका तिथे तिची वाट बघत बसल्या होत्या, सगळ्या मराठी समजणाऱ्या. "या गं आत," तिने हाक मारली, "माझ्या लेकाचं पत्र आलंय." त्या आत आल्या आणि पाय दुमडून बसल्या. तिने मला दिव्याजवळ सरकायला सांगितलं, म्हणजे मला नीट दिसेल. मी सरकले आणि 'तीर्थस्वरूप आईस'पासून सुरुवात केली.