टाकीतलं फिनेल

आमच्या सोसायटीत फळांच्या सालींपासून गॅस करणारी टाकी बसवली. महिनाभर शेणकाला घालून, गॅस बनवणारे जंतू वाढवून ती तयार केली होती. उद्घाटनाच्या सकाळी पाहुण्यांना वास नको म्हणून सेक्रेटरींनी तिच्यात बाटलीभर फिनेल ओतलं. मी गॅलरीतून म्हटलं, "अहो, आतले जंतू मरतील."

"मरू देत की, जंतूच ते," ते वर बघून म्हणाले.

साली फोटोत बऱ्या दिसत नाहीत, म्हणून पाहुण्यांच्या हस्ते ताजी पपई कापून आत सोडली. साठलेला गॅस तेवढा निळा जळला, टाळ्या पडल्या. त्यानंतर शेगडी पेटलीच नाही. आता सेक्रेटरी टाकी बसवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात.

कुजणं म्हणजे एका वस्तूने हळूहळू दुसरी वस्तू होणं. त्याला वास येणारच. पण आमच्या लोकांना ज्योत हवी, कुजणं नको. बदलसुद्धा कसा, आंघोळ करून, अत्तर लावून दारात यायला हवा.

परवा त्या टाकीजवळून गेलो. उद्घाटनाचा झेंडूचा हार अजून तिच्या गळ्यात होता आणि छान कुजत होता. सगळ्या प्रकल्पात तेवढंच एक काम नीट चाललं होतं.

आज पाहिलं, तर त्याच्यावरही फिनेल मारलंय.