लग्नाची रजा आणि 'की'

आता काय सांगू तुम्हाला, माझ्या लग्नाची रजा एका म्हाताऱ्याला मिळाली! आजही आठवलं की डोकं तापतं. कुणावर, ते ऐकाच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात एका कापड गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. नाव सिद्राम. आमच्याकडे हे नाव एवढं, की गिरणीच्या फाटकात 'सिद्राम!' अशी हाक मारली तर अर्धी पाळी वळून बघायची.

तर गिरणीत भोकं पाडलेल्या कार्डांचं नवं यंत्र आलं. एका गठ्ठ्यात माणसांची कार्डं, दुसऱ्यात रजेच्या अर्जांची. यंत्र दोन्ही गठ्ठे ओळीने लावणार आणि ज्याचा अर्ज त्याच्या कार्डामागे ठेवणार. सोबत पुण्याचे एक साहेब आले. पँटला इस्त्री, बोलण्यालाही इस्त्री!

साहेबांनी माझ्यासमोर एक कार्ड धरलं. "यात की काय आहे?"

हा काय प्रश्न झाला? वर एवढं ठळक नाव छापलंय, दिसत नाही? मी वैतागून म्हणालो, "नाव हाय की!"

"नाव? नंबर नाही?"

"नंबर बी हाय. पण नाव हाय की!"

"नक्की?"

"व्हय की!"

साहेबांनी पेन्सिलीने टिपून घेतलं.

इकडे माझ्या गावी, वळसंगला, माझ्या लग्नाचा मांडव घातलेला. रजेच्या चिठ्ठ्या वाटल्या त्या दिवशी फाटकावरच्या सिद्रामअण्णांची बायको चिठ्ठी नाचवत ऑफिसात घुसली. अण्णा रिटायर व्हायला आलेले!

"कुणाशी लगीन लावताय ह्येचं? मी मेले न्हाय अजून!"

मी पोट धरून हसलो. आणि हसता हसता थांबलो. लग्नासाठी रजा मागणारा सिद्राम तर मीच की! माझी चिठ्ठी उघडली. रजा नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच साहेबांसमोर जाऊन टेबलावर हात आपटला. "ह्ये यंत्र हाय का भंगार? तिकडं नवरी हळद लावून बसलीया, आन रजा अण्णाला? डोळं फुटलं का यंत्राचं?"

साहेबही भडकले. "यंत्राला का शिव्या देता? दोन गठ्ठे ज्या खुणेवरून जुळवायचे, तिला इंग्रजीत 'की' म्हणतात. मी नंबर धरणार होतो, तो प्रत्येकाचा वेगळा. तुम्हीच दोनदा सांगितलंत, नाव हाय की! यंत्राला पहिला सिद्राम सापडला, त्याला तुमची रजा चिकटली!"

ज्या तोंडाने आरडाओरडा केला, तेच तोंड लपवायला जागा सापडेना. बाहेर अण्णांची बायको अजून ओरडतच होती.

साहेबांनी कपाळावर हात मारला आणि रजेचा कोरा कागद पुढे ओढला. "बरं, आता तरी नीट सांगा. तुम्हाला रजा हवी आहे?"

"हवी की!"

साहेबांनी लगेच पेन्सिल उचलली.

मी झडप घालून त्यांचा हात धरला. "न्हाय न्हाय साहेब! नुसतं 'हवी' लिहा!"