चुकीच्या पत्त्यावर गेलेलं पत्र

माझं लग्न झालं तेव्हा सावद्याची केळी रेल्वेने दिल्लीला जात. वॅगन रवाना झाली की घरातला एक माणूस माल विकायला मागोमाग निघे, आणि आमच्या घरातला तो माणूस म्हणजे नेमके हे. आठ दिवसांत येतो म्हणून जात आणि महिना लावत. कधी पुढची वॅगनच मिळत नसे, कधी मिळालेली वाटेत अडकून पडे, आणि हे तिकडे तिची वाट बघत बसत. मी इकडे यांची.

पत्र लिहावं तर आमच्या घरात पत्र एकट्याचं नसे. एक आंतर्देशीय आणायचं. वरचा मोठा भाग आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. मग धाकटे दीर, मग सासूबाईंचा निरोप, आणि तळाला दोन बोटं जागा उरली तर ती माझी. चिकटवण्याआधी आबा ते सगळ्यांसमोर खड्या आवाजात वाचून दाखवत. 'तुमची फार आठवण येते' हे वाक्य सासऱ्यांच्या तोंडून ऐकण्याची माझी काही तयारी नव्हती. त्या दोन बोटांत मी तीन वर्षं 'मी मजेत आहे, काळजी नसावी' एवढंच लिहिलं.

यांचा ट्रान्झिस्टर मात्र माझ्या ताब्यात होता. संध्याकाळी भाकऱ्या थापताना मी तो चुलीपासून हातभर अंतरावर ठेवायची. एका परदेशी केंद्रावर हिंदी कार्यक्रम लागे. तो देश कोणता ते मी सांगणार नाही, तेव्हा सगळेच देश आपल्यावर प्रेम करत होते. त्यातली बाई इतक्या आपुलकीने बोलायची, की ती आमच्याच ओट्यावर बसून शेंगा सोलते आहे असं वाटे. पत्र लिहा, असं ती रोज म्हणायची. धुळ्याला माहेरी असताना मी हिंदीच्या परीक्षा दिल्या होत्या, त्यांचा सासरी दुसरा उपयोग नव्हताच. लिहिलं एकदा. उलट टपाली बर्फाच्या डोंगरांचं कॅलेंडर आलं. आबांनी ते बैठकीत टांगलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनेची हुशारी दाखवली.

मग निवडणूक लागली, आणि त्या केंद्राकडून एक छापील कागद आला. तुमच्या गावात लोक कशावर नाराज आहेत? ते कुणाचं ऐकतात? श्रोत्यांचं मंडळ काढलंत तर खर्चाला पैसे पाठवू. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट भरून आलं. तुला काय वाटतं, असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. दुपारी सगळे पडले असताना मी माडीवर बसून चार पानं लिहिली. निवडणुकीतलं मला काय कळणार? मी वॅगनींचं लिहिलं. त्या वेळेवर मिळत नाहीत, माल काळा पडतो, माणूस परगावी अडकतो. आणि शेवटी, वाचणारी ती बाईच असेल या भरवशावर, लिहून टाकलं: 'ते घरी नसले की मला जेवण गोड लागत नाही. त्यांना हे कधी सांगता आलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.'

मतदानाला आठ-दहा दिवस उरले असताना माझं पत्र रेडिओवर लागलं. सासरच्या आडनावासकट. सावद्याची बहीण चार पानी पत्रात लिहिते की सरकार लोकांची केळी सडवतंय, लोक पेटलेत, या वेळी ते सरकारला धडा शिकवणार आहेत. धडा हा शब्द माझा नव्हता. पेटलेलं कुणी नव्हतं. शेवटचं वाक्य तर त्यांनी वाचलंच नाही. मला रडू आलं ते त्याच्यासाठी, सरकारसाठी नाही.

दोन दिवसांनी जळगावहून साध्या कपड्यांतला एक पोलीस आला. बैठकीत नेमका कॅलेंडरखाली बसला. सासूबाई दाराआडून पुटपुटल्या, "कायले आला व माय हा?" त्याने पिशवीतून माझ्या पत्राची हाताने उतरवलेली नक्कल काढली. परदेशी जाणारं टपाल ते बघत असत, हे मला तेव्हा कळलं. त्याने शांतपणे समजावलं, की बाहेरचे असे कागद गावोगाव येताहेत, त्यांना आपल्या निवडणुकीत हात घालायचा आहे, आणि कोण काय पेरतंय त्यावर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. मंडळ काढू नका, त्यांचा पैसा घेऊ नका, कुणाची नावं कळवू नका. छापील कागद त्याने ठेवून घेतला. पुढे काही वर्षांनी बाहेरच्या पैशांना आळा घालणारा कायदाच झाला, तेव्हा मला तो पोलीस आठवला.

आबा पान आणायला आत गेले तसा त्याने आवाज खाली आणला. "तुमनं माहेर कोठे शे?"

मी धुळं सांगितलं. तो हसला, म्हणाला, मीही तिकडचाच. मग नकलेच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "ताई, हाई पत्र तुमीन चुकीना पत्तावर धाडं." माहेरची बोली कितीतरी दिवसांनी कानावर पडली होती. मी मान खाली घातली. माझं पत्र शेवटपर्यंत वाचणारा तो पहिला माणूस.

मतदानाच्या सकाळी चहा पिता पिता आबांनी नेहमीप्रमाणे घरातल्या बायकांना निशाणी सांगितली. शाळेतल्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे शिक्का हातात घेतल्यावर मला त्या पोलिसाचं बोलणं आठवलं. बाहेरच्यांनी माझ्या तोंडी शब्द घातले म्हणून मी चिडले होते, आणि घरचे दर निवडणुकीत तेच करत होते. मी मला वाटलं तिथे शिक्का मारला. कुठे, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

निकालानंतर हे आले. दिल्लीत अडत्याच्या गादीवर यांनीही तो कार्यक्रम ऐकला होता. हात धुताना हसत म्हणाले, "परक्यांना चार पानं, आणि मला दोन ओळी? आणखी काय लिहिलं होतंस?"

ओट्यावर आबा होते, आत सासूबाई. मी म्हटलं, "केळीचंच."

पुढे घरं वेगळी झाली, ऐकणारं कुणी उरलं नाही, आणि सांगायला जवळजवळ चाळीस वर्षं होती. उद्या सांगू, असं म्हणतच ती वर्षं गेली. आता हे नाहीत, त्याला नऊ वर्षं होतील. परवा बँकेच्या कामाने जळगावला गेले तेव्हा पोलिसांच्या कचेरीपाशी उगाच थांबले. आत जाऊन ती नक्कल मागावी, निदान शेवटचं पान तरी, असं फार वाटलं. पहाऱ्यावरच्या मुलाने विचारलं, "आजी, कुणाला भेटायचंय?" मी 'कुणाला नाही' म्हणाले आणि रिक्षा केली. दोन देशांच्या सरकारांनी ते पत्र वाचलं. ज्यांच्यासाठी लिहिलं होतं, त्यांनीच तेवढं वाचलं नाही.