तिसरी हाक

अख्ख्या अमेरिकेत कॅलेंडरला पंचांगापुढे नाक घासायला लावणारा माणूस एकच आहे, आणि तो आमच्या शेजारच्या घरात राहतो. इथे अ‍ॅशबर्नमध्ये आमचा गणपतीसुद्धा शनिवारी येतो आणि रविवारी जातो. पाडवा, संक्रांत, कोजागिरी, सगळ्यांना आम्ही वीकएंडची वेळ दिलेली आहे. या शेजारच्या काकांच्या गावचे संत घोंगडीबुवा, त्यांना मात्र ती मंजूर नाही. त्यांची पुण्यतिथी ऐन पौषात, मग ती मंगळवारी येवो नाहीतर आमच्या सॉफ्टवेअर रिलीजच्या दिवशी. त्यातून गावात पंगत बसते संध्याकाळी सातला, म्हणजे आमच्याकडे सकाळी साडेआठला. शहाणी माणसं कॉफी पितात त्या वेळी आम्ही काकांकडे मांडी घालून हुलग्याची आमटी आणि नाचणीची भाकरी हाणत असतो. मी एकदा भीत भीत सुचवलं, "काका, शनिवारी केलं तर? साडेनऊला माझं ऑफिसचं स्टँडअप असतं, रोजची मीटिंग यार." काका शांतपणे म्हणाले, "ये की शनिवारी. बुवा नसतील."

सह्याद्रीच्या माथ्यावरचं चाळीस उंबऱ्यांचं ते गाव काकांनी तीस वर्षांपूर्वी सोडलं, पण त्यांना थंडी अजून तिथलीच वाजते. बाहेर उणे दहा, गाड्या बर्फात गाडलेल्या, आणि काका फोनवर गावचं तापमान बघून कळवळतात, "बारा डिग्री! कसे काढत असतील रे दिवस!" या थंडीतच बुवांनी म्हणे आपली एकुलती घोंगडी एका वाट चुकलेल्या माणसाला दिली होती, आणि कुणी उपाशी असेल तर ते घास घेत नसत. म्हणून पानं वाढून झाली की गावातलं वडीलधारं माणूस वेशीवर जातं आणि डोंगराकडे तोंड करून तीनदा हाक देतं, "कुणी राहिलंय का?" कुणी "आहे, आहे" म्हणालं की त्याचं पान आधी मांडायचं, मगच पहिला घास.

आता अ‍ॅशबर्नमध्ये डोंगर कुठून आणायचा? आमच्या घरांमागे आहे ती डेटा सेंटरची बिनखिडक्यांची भिंत, जिच्या नावाने आम्ही सगळे बोटं मोडतो. घर बघायला आले तेव्हा काका थेट मागच्या डेकवर गेले आणि त्यांनी खणखणीत हाक ठोकली. भिंतीने ती जशीच्या तशी परत दिली. काका एजंटबाईंना म्हणाले, "घेतलं." बाईंनी अजून किचन दाखवलं नव्हतं. काकूंनी हे त्यांना आजतागायत माफ केलेलं नाही.

पहिल्याच वर्षी हाका ऐकून पलीकडच्या डोना आजी घरातल्या स्लिपर्सवर धावत आल्या. "इज समवन हर्ट?" काकांनी त्यांना पाटावरच बसवलं. "बघा! तिसऱ्या हाकेला माणूस आलं!" तेव्हापासून त्या दर वर्षी कोट घालून दाराआड थांबतात आणि तिसऱ्या हाकेला बरोबर उगवतात. फोनही चालू असतो. गावात काकांचे चुलतभाऊ बुवांच्या समाधीपाशी उभे राहून "आहे रे, आहे!" म्हणतात, म्हणून त्यांचंही पान इथे वाढलं जातं. ते नंतर मी खातो.

यंदा मात्र फोन आला नाही. उंबरे कमी होत होत गावात त्या भावाचं एकच घर उरलं होतं, आणि दिवाळीनंतर मुलगा त्यांनाही साताऱ्याला घेऊन गेला. गावाला कुलूप लागलं. पानं वाढून झाली, आमटी वाफाळत होती, पण काका खुर्चीतून उठेनात.

"अहो, हाक," काकू म्हणाल्या.

"कुणाला मारू? यंदा तसंच जेवा. पुढच्या वर्षीपासून नको करूया."

या माणसाचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात त्यांची मुलगी रेवा उठली. ही इथेच जन्मलेली, रिचमंडला नर्स आहे. "बट बाबा, म्हणूनच तर विचारायचं ना? आय ऑलवेज थॉट, तुम्ही हेच विचारता. की तिकडे गावात अजून कुणी राहतं का."

'राहिलंय' म्हणजे मागे उरलंय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या हिशेबी बाप इतकी वर्षं गावाची खुशाली विचारत होता. एरवी आम्ही खो खो हसलो असतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

रेवा नुसत्या मोज्यांवर डेकवर गेली. "कुणी राहिलंय का?" उच्चार अमेरिकन, पण हाक थेट बापाची. भिंतीने ती परत दिली. दुसरी हाकही तशीच आली. तिसरीला काका उठले, दारापर्यंत गेले, चौकटीला हात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "आहे गं, आहे."

काकूंनी डोळे पुसत काकांच्या नावाचं एक पान जास्तीचं मांडलं. डोना आजी आल्या, आम्ही जेवलो. भावाचं पान नव्हतं, तरी मी दोनदा वाढून घेतलं.

स्टँडअपला मी दहा मिनिटं उशिरा जॉइन झालो. सगळ्यांचं सांगून झाल्यावर शेवटी मॅनेजरने रोजच्यासारखं विचारलं, "एनीवन लेफ्ट?" कॅमेरा बंद होता ते बरं झालं. नागपूरला आईला आज फोन करायचाच, असं ठरवत मी हळूच म्यूट काढलं आणि म्हणालो, "आहे."