रुखवतातला शिंपल्यांचा मोर

आमच्या घराण्यात समुद्र पाहिलेला माणूस एकच, माझे धाकटे काका, आणि ही गोष्ट त्यांनी कुणाला मरेपर्यंत विसरू दिली नाही. रामेश्वराहून आले ते शिंपल्यांचे गाठोडे घेऊन. गाठोड्याला वास येत होता, कारण कितीतरी शिंपल्यांत जीव मरून वाळलेले होते. काका म्हणाले, तीर्थाचा वास आहे. लोकांनी तोही भक्तिभावाने घेतला!

आम्ही वाशीमचे, आणि माझे लग्न जवळच्याच मालेगावात ठरले होते. रुखवतात सगळे आईच्या आणि मावशीच्या हातचे मांडायचे होते. त्यात माझ्या हातचे एक तरी असावे, एवढीच माझी हौस. काळ्या कापडावर शिंपल्यांचा मोर करायचे मी ठरवले. आईने आणि मी एकेक शिंपला काडीने कोरून साध्या पाण्यात धुतला, तेलाच्या फडक्याने पुसला. आतून अशी निळी-गुलाबी झाक निघाली की मी हरखून गेले.

तेवढ्यात काका आले.

"तेल काहून चोपडून राह्यल्या वयनी? देवाची भांडी कायनं चमकते? चिचंनं!"

आई म्हणाली, "भाऊजी, तेलानं बरे निघून राह्यले ना."

"समिंदर मी पाह्यला का तुमी?"

झाले. चिंचेच्या दाट कोळात शिंपले बुडवले. बारीक बुडबुडे येऊ लागले, तसे काकांनी शेजारपाजारचे बोलावून आणले. "पाहा, मळ कसा निघून राह्यला!" आंबटाने झिजून निघत होता तो शिंपलाच, पण त्या शहाण्याला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी वर विटकरीची भुकटी घासायला लावली. झाक गेली. हातात राहिले ते चुना फासल्यासारखे पांढरे, खरखरीत तुकडे. मी रडले. काका म्हणाले, माल हलका होता.

दुसरे शिंपले वाशीमात कुठून आणणार? त्यांचाच मोर केला. दिसायला पिसे उपटलेली कोंबडी. लग्नात सासूबाई त्यापुढे थांबल्या आणि विचारले, "हे असं कसं वो?"

काकांनी तोंडातले पान गालात सरकवले. "पोरीनं घासले. लय सांगतलं मी, आयकत नाही."

मी मुंडावळ्या बांधून दोन हातांच्या अंतरावर बसले होते. नवरीने तोंड उघडायचे नसते, हा आमचा थोर संस्कार. आई उभी होती, तीही गप्प. काकांइतकाच मला त्या गप्प बसण्याचाही राग आहे.

सासरी देवाची भांडी नेहमी जाऊच घासायची. मी हात लावला की सासूबाई भांडे काढून घेत. चांगल्या वस्तूची वाट लावणारी, असे माझे नाव घरात पक्के झाले. काका मात्र मालेगावला पाहुणे म्हणून यायचे, आणि सासूबाई त्यांना चौरंग मांडायच्या. एकदा मी वाढत असताना ते सगळ्यांदेखत म्हणाले, "इहीनबाई, पोर भोळी हाय आमची. सांभाळून घ्या तिले."

सासूबाईंना गहिवरून आले. मी काकांच्या पानात तूप वाढले, आणखी हवे का म्हणून विचारलेही.