हात न लावता

"राणी शे ही. पोरले हात बी लावत नही."

नंदुरबारच्या मिरचीच्या आवारात मालक हे माझ्या आईबद्दल बोलला. आई दोन्ही हात पाठीमागे धरून बसली होती. मी तान्ह्या भावाला तिच्या छातीशी धरले होते. बाया हसल्या. आईही हसली.

दिवसभर देठ खुडले की हातात मिरचीची आग भरते. तो हात बाळाला लागला तर बाळ रडून काळेनिळे होते. म्हणून पाजताना आई हात दूर ठेवी, आणि बाळ धरायला मला नेई. माझे पहिले काम ते.

ही आग तेलाने उतरते. आवारात तेलाचा डबा होता. मिरचीला चकाकी यावी म्हणून मालक तिला तेलाचा हात लावून घेई. बायांनी मागितले तर म्हणे, "बसी बसी देठ खुडतस. याले काम म्हणतस का?"

पोती उचलणारे हमाल काम करत. आम्ही बसत होतो.

महाराष्ट्र राज्य झाले, त्याच्या पुढच्या हंगामात मी त्याच आवारात देठ खुडत होते. आता माझी मुलगी अंगावर पीत होती. आईची बोटे वाकडी होऊन तिचे खुडणे सुटले होते; ती नातीला माझ्या छातीशी धरी. माझे हात पाठीमागे.

मालक थांबला. "आते ही राणी."

बाया हसल्या. आई हळूच म्हणाली, "हास ना, बेटा. मालक शे."

तेव्हा कळले. आईला हसू कधी आलेच नव्हते. देठांसारखे तेही तिने कामच केले होते.

मी उठले. तेलाच्या डब्यात दोन्ही हात बुडवले.

"ते मिरचीनं तेल शे," मालक म्हणाला.

"मन्हा हात बी मिरचीनाच शेतस."

राखेने हात घासले, धुतले. मुलीला आईकडून घेतले आणि दोन्ही हातांनी धरून पाजले. या वेळी कोणी हसले नाही.

"उद्या येऊ नको," मालक म्हणाला.

आई घरापर्यंत रडली. दुसऱ्या दिवशी मी मुलीला कडेवर घेऊन दुसऱ्या आवाराच्या फाटकावर गेले. तिथला मुकादमही आधी हसला. मी त्याला सांगितले: देठ खुडीन. हात धुवायला तेल लागेल. आणि तुम्ही हसाल तेव्हा मी हसणार नाही.